उशाशी बसणारे

१८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर हल्ला केला. आज आपण त्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतो. महिन्याभरापूर्वीच डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे रुग्ण ओळखले होते. आजाऱ्याला घरातून उचलून इस्पितळात नेण्याची मोहीम सुरू झाली होती आणि आत गेलेलं माणूस परत येत नाही हे लोकांनी पाहिलं होतं. अफवा भयंकर होत्या. गोरे लोक आजाऱ्याचं काळीज काढून घेतात, अशीही एक होती. इतिहासाची पुस्तकं हा प्रसंग अज्ञान आणि भीती या सदरात टाकून पुढे जातात. माझं सारं आयुष्य मुंबईतल्या कॅन्सरच्या वॉर्डांत मेडिकल सोशल वर्कर म्हणून गेलं, त्यामुळे मला तो तसा वाचता येत नाही. काळीज काढण्याची अफवा खोटी होती. पण आपलं माणूस परक्यांत, तोंडात आपल्या हातचं पाणी न पडता जाणार, ही धास्ती शंभर टक्के खरी होती. त्या इस्पितळात तसंच होत होतं.

पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने सोल्जर घराघरांत घुसवले, तेव्हा टिळकांनी नुसते अग्रलेख लिहिले नाहीत. हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ काढायला त्यांनी पुढाकार घेतला. मुंबईतही एकेका समाजाने स्वतःची प्लेग इस्पितळं उभी केली. पारशांची, जैनांची, भाटियांची, मेमणांची. प्लेगवर तेव्हा हमखास औषध कुठेच नव्हतं, म्हणजे या इस्पितळांत उपचार काही निराळे होत नव्हते. तरी लोक तिथे जायला कमी बिचकत. उशाशी कोण बसणार, पाणी कोणाच्या हातचं मिळणार, शेवटी कानावर कोणते शब्द पडणार, हे तिथे ठाऊक होतं. सरकारला हा प्रश्न आरोग्याच्या बाहेरचा वाटत होता. लोकांच्या लेखी तोच पहिला होता.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या आपल्या मुलाला, यशवंतला, बोलावून घेऊन हडपसरच्या बाजूला सासाणे मळ्यात दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा मुलगा त्यांनी पाठीवर घालून आणला, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. समाजासमाजांची इस्पितळं निघत होती तेव्हा ज्याच्या समाजापाशी इस्पितळ काढायला पैसा नव्हता आणि ज्याच्या उशाशी बसायला गावातलं कोणी तयार नव्हतं, त्याच्याजवळ त्या गेल्या. आमच्या कामाचा इतिहास मी लिहायला घेतला तर पहिलं पान त्यांचं असेल.

पण लोकांना नेमकं काय गमवायचं नव्हतं, ते सांगायला हवं, कारण आता ते पाहिलेली माणसं कमी उरली आहेत.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर जवळजवळ प्रत्येक देव्हाऱ्यात काशीहून आणलेली गंगेची लोटी होती. वीतभरही उंच नाही अशी तांब्याची, तोंड झाळून बंद केलेली, वर्षानुवर्षं पुसून पुसून कडा गुळगुळीत झालेली. सणाला ती पूजेत असायची, पण उघडत नसत. घरातलं कोणी शेवटाला लागलं म्हणजेच ती फोडायची. शेजारच्या आजींच्या वेळी मी ते जवळून पाहिलं. त्यांच्या थोरल्या मुलाने उंबऱ्याशी बसून पेचकस आणि बत्त्याने झाळ फोडली. हात थरथरत होते, म्हणून सुनेने लोटी दोन्ही हातांनी धरली होती. आत पाणी बोटभरच राहिलं होतं. तुळशीच्या पानावरून दोन थेंब आजींच्या ओठांत गेले. उरलेल्या पाण्याकरता मजल्यावरच्या बायका वाट्या घेऊन आल्या, कारण फोडलेली लोटी पुन्हा झाळत नाहीत.

त्याआधीचे आठ-दहा दिवस त्या खोलीत सोबतीच्या पाळ्या लागल्या होत्या. पाळ्या कोणी लिहून काढल्या नव्हत्या, त्या आपोआप लागत. दुपारी बायका यायच्या. एक रामरक्षा म्हणायची, एक व्यंकटेश स्तोत्र, एक नुसते पाय चेपायची. रात्रपाळी नसेल तेव्हा वरच्या मजल्यावरचे गिरणीतले काका हरिपाठ म्हणायला यायचे. आम्हा मुलांना कोणी हाकलत नसे. आजींना घरघर लागली तेव्हा शहाबादी फरशी पुसून, गोमूत्र शिंपडून, घोंगडी घालून त्यांना खाली घेतलं. हे सगळं करणाऱ्यांत एकही डॉक्टर नव्हता आणि भटजी अगदी शेवटी आले.

शास्त्राची बाजू महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात मांडली आहे. मुंबईत वकिली करत त्यांनी हा डोंगर उभा केला. मरणाच्या आधीचं प्रायश्चित्त, दानं, पुढे अंत्येष्टी, अशौच, श्राद्ध असा सारा पट त्यात आहे. वैतरणी पार व्हायला गाय दान द्यायची, हे खेडोपाडी अजूनही माहीत आहे. आतुरसंन्यास मात्र लोक विसरले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने शेवटच्या तासांत संन्यास घ्यायचा. घर, पैसा, मुलं यांच्यावरचा हक्क त्याने तोंडाने सोडायचा, आणि ताकद नसेल तर मनाने. मला या विधीत फार मोठा शहाणपणा दिसतो. वॉर्डात मी पाहिलेल्या कित्येक माणसांचा जीव प्राणात नव्हे, गावच्या सामाईक विहिरीत किंवा धाकट्याच्या नावावर न झालेल्या खोलीत अडकलेला असायचा. ते तोंडाने सोडायची काही रीत त्यांना मिळाली असती तर शेवटचे दिवस सोपे गेले असते.

आणि शास्त्रापेक्षा मला जवळची वाटते ती ज्ञानेश्वरी. आठव्या अध्यायात अंतकाळाचं प्रकरण येतं. मरताना स्मरण झालं तर मुक्ती, एवढ्यावर ज्ञानदेव थांबत नाहीत. त्यांना रोग्याची दशा माहीत आहे. देह कासावीस झाल्यावर कसलं स्मरण होणार? म्हणून त्यांचा देव स्वतःच भक्ताचा ऋणकरी होतो आणि ते ऋण फेडायला त्याच्या देहत्यागाच्या वेळी त्याची शुश्रूषा करतो. आजाऱ्याने देवाचं नाव घेतलंच पाहिजे असा धोशा लावणाऱ्या नातेवाइकांना मी हे अनेकदा सांगितलं आहे. बाबा आता बोलू शकत नाहीत, त्यांच्या वाटचं काम देव करतो, असं ज्ञानोबांनीच लिहून ठेवलंय, तुम्ही फक्त हात धरा. ऐकल्यावर माणसं सैल होतात.

मात्र या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना मी हात आखडता घेते. सोबतीच्या पाळ्या जातीच्या आणि वाडीच्या आत फिरत. भटजी सगळ्यांच्या दारी जात नव्हता. क्षय झालेल्याच्या खोलीत पाय ठेवायला सख्खे कचरत आणि महारोग्याला तर घराबाहेरच मरायचं असे. विधवेला शेवटच्या दिवसांत कोणी काय विचारलं असेल, ते चाळीतल्या बायका जाणून आहेत. ज्याला होतं त्याला सगळं होतं, नव्हतं त्याला कोणी नव्हतं.

गोव्यात आणि वांद्र्या-वसईच्या ख्रिस्ती गावठाणांत हीच गोष्ट निराळ्या रीतीने बांधलेली होती. चर्चला कोन्फ्रारीया, म्हणजे भाविकांची मंडळं, जोडलेल्या असत आणि मयताबरोबर चालणं हे त्या सभासदांचं कर्तव्य असे. आजाऱ्याकडे पाद्री शेवटचा कोम्युन्यांव, म्हणजे पवित्र प्रसाद, घेऊन निघाला की पुढे घंटा वाजे आणि रस्त्यावरची माणसं गुडघे टेकत. म्हणजे एका घरात माणूस जातोय, हे सगळ्या गावाला कळे. त्यात एक मोठी अडचणही होती. अखेरचा अभ्यंग अगदी शेवटाला देत असल्याने पाद्रीबाब उंबऱ्यात दिसले की आजारी माणूस हबकायचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ही अडचण ओळखली. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी विधी बदलून तो आजाऱ्यांसाठीचा अभ्यंग केला, गंभीर दुखण्यात आधीच देता येईल असा. आमच्या तुळशीपत्राला असा कोणी सुधारक भेटला नाही. तुळस आणायला कोण गेलं, हे रोग्याच्या डोळ्यांना बरोबर दिसतं आणि घरातले सगळे ‘काही नाही, बरं होणार’ म्हणत राहतात.

मरण घरातून इस्पितळात गेलं ते हळूहळू. परळला टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं आणि देशभरातून कॅन्सरचे रोगी मुंबईला येऊ लागले. बहुसंख्य आजार फार पुढे गेल्यावर येत. ऑपरेशन, रेडिएशन, जे होण्यासारखं असेल ते व्हायचं आणि मग एक दिवस ‘आता घरी न्या’ हे शब्द. घर बिहारात, नाहीतर मराठवाड्यात, आणि हातात परतीच्या तिकिटापुरतेही पैसे नाहीत. परळच्या फुटपाथवर निळ्या ताडपत्रीखाली स्टोव्ह, औषधांची पिशवी आणि एक्स-रेची पाकिटं घेऊन राहणारी कुटुंबं मुंबईने वर्षानुवर्षं पाहिली आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने यातल्या असंख्यांना आसरा दिला. बाबांनी हयातभर धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाच्या या इमारतीत संध्याकाळी भजन सुरू झालं की किमोने केस गेलेल्या मुलीही टाळ हातात घेतात. आध्यात्मिक आधार हा शब्द तिथे कोणी उच्चारत नाही. काम चालू असतं.

आमचा व्यवसायही याच शहरात जन्मला. १९३६ साली नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, पुढे त्याचीच टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली मेडिकल सोशल वर्कर नेमली गेली. सरकारी भाषेत आज या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. रेशनकार्ड, ट्रस्टचे चेक, रक्ताच्या बाटल्या, पळून गेलेला नवरा शोधणं, हे सगळं आमच्या कामात येतं. केसपेपरच्या पहिल्या पानावर ‘धर्म’ असा रकाना असतो, तो दाखल करताना कारकून भरतो. माणूस कशाच्या आधारावर जगला, हे विचारणारा रकाना कुठल्याही पानावर नाही.

तो नसल्याने काय होतं, त्याचं एक उदाहरण मनातून जात नाही. माळशिरसकडचे एक शेतकरी आमच्याकडे आले, पोटाचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेलेला. त्याआधी ते दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते. मानेत सुई घालताना तिथे त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ कात्रीने कापली आणि ती कुठे गेली ते कोणाला माहीत नव्हतं. आमच्याकडे आल्यावर त्यांनी खाणं सोडल्यासारखंच केलं. पाण्यालाही मान फिरवायचे. कागदावर ‘भूक नाही’ अशी नोंद झाली, नाकातून नळी घालायची चर्चा सुरू झाली. त्यांच्या कारभारणीला मी बाहेर बाकावर घेऊन बसले, तेव्हा ती म्हणाली, “माळ तुटल्यापासनं घास घेतला न्हाई त्यांनी. बिनमाळेचं खात न्हाईत आमच्यात. पर इथं कुणाला सांगायचं ओ बाई?”

आमचा वॉर्डबॉय लालबागच्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. सिस्टरांची परवानगी घेऊन त्याच संध्याकाळी तो मंडळाच्या बुवांना घेऊन आला. बुवांनी बूट-मोजे काढून, बेसिनवर हात धुऊन त्यांना माळ घातली, स्वतः त्यांच्या पायांना हात लावला आणि अगदी हलक्या आवाजात, शेजारच्या खाटेवरच्याला त्रास होणार नाही इतक्या, नामस्मरण केलं. मग बाईने चमच्याने पेज भरवली, चार-पाच चमचे. आजार जिथे होता तिथेच होता. ते थोड्याच दिवसांत गेले, पण नळीशिवाय आणि माळेसकट. त्या माळेवर एक रुपयाही खर्च झाला नव्हता. तिच्याबद्दल विचारायची जबाबदारी कोणाचीच नव्हती, एवढंच.

लंडनमध्ये नेमकी ही जबाबदारी जिने व्यवसायात आणली ती बाई आमच्याच धंद्यातली, याचा मला अभिमान वाटतो. सिसिली साँडर्स आधी नर्स, पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडून आल्मोनर, म्हणजे मेडिकल सोशल वर्कर, आणि मग बऱ्याच उशिरा, १९५७ साली डॉक्टर झाल्या. १९४८ साली त्या वॉर्डात डेव्हिड तास्माला भेटायला जात. वॉर्साचा पोलिश ज्यू, चाळिशीचा, नात्यागोत्याचं कोणी नाही, कॅन्सरने चाललेला. एकदा त्याने धीर वाटेल असं काही म्हणायला सांगितलं. साँडर्स श्रद्धाळू ख्रिस्ती, त्यांनी पाठ असलेली स्तोत्रं म्हटली, जी ज्यूंचीही आहेत. पुढे पुस्तकातून वाचू का, असं विचारल्यावर तो नको म्हणाला. त्याला त्यांच्या मनात आणि हृदयात जे असेल तेवढंच हवं होतं. जाताना त्याने ५०० पौंड ठेवले, मरणोन्मुखांसाठी त्या काढणार होत्या त्या घराला एक खिडकी असावी म्हणून. ते घर, सिडनहॅमचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, १९६७ साली उघडलं. मधली १९ वर्षं त्यांनी डॉक्टरकीच्या शिक्षणात आणि मॉर्फिनच्या अभ्यासात घातली.

त्या १९ वर्षांकडे आपल्याकडचे अध्यात्मवाले लक्ष देत नाहीत, म्हणून मी त्यावर जोर देते. साँडर्सच्या अगोदर आयरिश सिस्टर्स ऑफ चॅरिटीने डब्लिनला १८७९ मध्ये आणि लंडनच्या हॅकनीत १९०५ मध्ये मरणोन्मुखांसाठी घरं काढली होती. तिथे प्रार्थना होती, माया होती. साँडर्स हॅकनीच्या त्या सेंट जोसेफ्समध्ये १९५८ पासून काम करू लागल्या आणि त्यांनी मॉर्फिन वेळच्या वेळी, कळ उठायच्या आधी द्यायची शिस्त लावली. रोगी औषधासाठी विनवायचे थांबले, मग बोलू लागले. त्यानंतरच त्यांनी समग्र वेदनेची कल्पना मांडली. शरीराची, मनाची, घरच्या-पैशाच्या काळजीची आणि आत्म्याची अशी चार अंगं असलेली एकच वेदना. क्रम लक्षात घ्या. आधी कळ थांबवा, मग देवाचं बोला. कोलकात्यात मदर तेरेसांनी कालीमंदिराला लागून असलेल्या जागेत १९५२ साली निर्मल हृदय सुरू केलं. रस्त्यावर मरणाऱ्यांना तिथे जो मान मिळाला त्याला तोड नाही. पण १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रॉबिन फॉक्स तिथे जाऊन आले आणि तीव्र वेदनाशामकांच्या अभावावर त्यांनी बोट ठेवलं. ते बोट योग्य जागी होतं. हाडात कॅन्सर गेलेल्याला औषधाविना नामस्मरण सांगणं हे माझ्या मते क्रौर्य आहे, सांगणारा कितीही सात्त्विक असो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने आपल्याकडे मॉर्फिन मिळणं इतकं अवघड केलं की रोगी किंचाळत गेले. कायदा सुधारायला २०१४ साल उजाडलं.

मुंबईत १९८६ साली वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, शांती आवेदना आश्रम सुरू झाला. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. टाटा मेमोरियलचे सर्जन डॉ. लुईस डिसूझा यांनी ते काढलं. ‘घरी न्या’ सांगितल्यानंतर रोग्याचं काय होतं, ते सर्जन म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. रोग्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, जात-धर्म पाहायचा नाही, शुश्रूषा सिस्टरांनी करायची. १९८८ मध्ये गोव्यात लोटलीला, १९९४ मध्ये दिल्लीला शाखा झाल्या. १९९७ साली पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आलं, तिथेही सगळं मोफत आणि रोग्याबरोबर घरचं माणूस राहू शकतं. त्याच सुमारास टाटा मेमोरियलमध्येही पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे वेदना हलक्या करणाऱ्या शुश्रूषेचा, विभाग झाला.

या जागांनी जुन्या सोबतीतला एक मोठा दोष दूर केला, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. एकाच खोलीत विठ्ठलाचा फोटो, शेजारी जपमाळ, पलीकडे मक्केचं कॅलेंडर. पश्चिमेकडे तोंड करायचं म्हणून खाट फिरवायला कोणी कां-कू करत नाही. मुलगा कुराणातलं यासीन वाचतोय म्हणून टीव्ही बंद होतो. बौद्ध कुटुंबांच्या बाबतीत मात्र चुका पुष्कळ होतात आणि त्या जिव्हारी लागणाऱ्या असतात. कारकुनाने ‘हिंदू’ लिहिलेलं असतं आणि एखादी भाबडी स्वयंसेविका गंगाजळाची बाटली घेऊन खाटेशी येते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांच्या आईबापांनी बाबासाहेबांबरोबर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या ओठांशी ते पाणी नेणं म्हणजे त्यांचा सगळा झगडा पुसून टाकणं. त्यांना त्रिसरण-पंचशील म्हणणारा बौद्धाचार्य हवा असतो. भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य वस्तीवस्तीत आहेत, एका फोनवर येतात. फोन करायचं सुचणारं माणूस पाहिजे.

आणखी एक गोष्ट विटेसारखी माणसाच्या छातीवर बसलेली असते, तिला धर्माचं नाव देऊन आपण ती आणखी जड करतो. ‘मागच्या जन्मीचं असेल’, ‘कुणाचा तळतळाट लागला’. शिकलेले लोकही रोग्याच्या समोर हे बोलतात. गर्भाशयाचा कॅन्सर झालेली बाई महिनोन्‌महिने मनात हिशेब करत असते, सासूला उलटून बोलले म्हणून का, पोर पाडलं म्हणून का. याचं उत्तर इंजेक्शनात नाही आणि ‘असं काही नसतं’ या तुटक वाक्यातही नाही. तिला ते कोणासमोर तरी पूर्ण सांगायचं असतं. ऐकणाऱ्याने घाईने क्षमा करायची नसते, उपदेशही करायचा नसतो. प्रसंगी तिच्याच श्रद्धेतला, ज्याच्या शब्दाला ती मानते असा माणूस आणावा लागतो, जो सांगेल की बाई, हा दोष तुझा नाही. हे कसब आहे. ते शिकवता येतं.

घरच्यांचं म्हणाल तर आपल्या जुन्या रीतीत त्यांची फार बारकाईने काळजी होती. चूल पेटत नसे म्हणून शेजारून पिठलं-भात येई. दहा-तेरा दिवस घरात माणसांचा राबता असे, रात्री गरुडपुराण वाचलं जाई, भेटायला येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं हो’ विचारी आणि बायको तेच पुन्हा पुन्हा सांगे. सांगून सांगून तिला ते खरं वाटू लागे. सिडनहॅममध्ये मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरी पार्क्स यांनी सुरुवातीपासून शोकग्रस्त कुटुंबांसाठी जे काम उभं केलं, त्यात मला आपला दुखवटा ओळखू येतो. आता मुंबईत तिसऱ्या दिवशी सगळं उरकतं, फ्लॅटचं दार लागतं आणि चौथ्या दिवशी ती बाई एकटी असते. होम केअरच्या सिस्टरांचा महिन्याभराने येणारा फोन हाच काही घरांत दुखवट्याला आलेला शेवटचा माणूस असतो.

ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हाच रुग्णालयांत धर्मोपदेशक नेमण्याची सोय झाली. अमेरिकेने १९८२ साली हॉस्पिसचा खर्च मेडिकेअरमध्ये घेतला, त्याच्या नियमांत डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर यांच्या बरोबरीने आध्यात्मिक किंवा इतर समुपदेशक चमूत असलाच पाहिजे असं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत आत्मिक वेदना १९९० पासून आहे. भारताने २०१२ साली पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. तरीही आपल्याकडे हे काम सिस्टरांच्या भलेपणावर, वॉर्डबॉयच्या पखवाजावर, धर्मशाळेतल्या भजनावर चालू आहे. जिथे असं कोणी भेटतं तिथे होतं, नाही भेटलं तर राहून जातं. १८९७ साली लोकांनी जे मागितलं होतं ते आपण सव्वाशे वर्षांनंतरही नशिबावर सोडलं आहे.

माझी मागणी साधी आहे. जिथे पॅलिएटिव्ह केअरच्या खाटा आहेत अशा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात समाजसेवा अधीक्षकासारखं एक पगारी पद याच कामासाठी काढावं. त्या माणसाने कोणत्याही एका धर्माचा प्रचारक असू नये. त्याच्या वहीत कीर्तनकार, मौलवी, पाद्री, बौद्धाचार्य, जैन साध्वी, पारशी दस्तूर यांचे नंबर असावेत आणि देव न मानणाऱ्याजवळ बसून त्याच्या आवडीची गाणी लावण्याइतकी अक्कल असावी. बोलावलेल्या प्रत्येकाला आधी शिकवावं की बरं होण्याचं वचन द्यायचं नाही, धर्म बदलायला सांगायचं नाही, दक्षिणा घ्यायची नाही, रोगी नको म्हणाला तर उठून जायचं. आणि केसपेपरवर धर्माच्या रकान्याच्या खाली एक ओळ वाढवावी, ती कारकुनाने नव्हे, रोग्याशी बोलून भरावी. हे व्हायला वेळ लागेल. तोवर तुमच्या इमारतीत, गावात असं माणूस अंथरुणावर असेल तर घरच्यांना विचारून एका संध्याकाळी जाऊन बसा आणि रात्री जागणाऱ्याला चार तास झोपू द्या.